माझा दादा 'हॉल ऑफ फेम'मध्ये!

मंडळी, आज जिंकलो!

मी एका ऑनलाइन बेसबॉल लीगमध्ये आहे. खेळाडू काल्पनिक असतात आणि सामने कॉम्प्युटर खेळवतो. माझ्या पिचरला, म्हणजे बेसबॉलमधल्या बॉलरला, मी थोरल्या भावाचं नाव दिलंय, सुधीर. पोलिओमुळे दादा लहानपणी मैदानाबाहेर बसून आमचा स्कोअर लिहायचा.

निवृत्त खेळाडूंमधले महान कोण, म्हणजे 'हॉल ऑफ फेम'मध्ये कोण जाणार, हे आम्ही मतदानाने ठरवतो. सुधीर दोनदा हरला होता. आज दुपारी लखनौत गोमती नगरच्या ऑफिसात निकाल उघडला आणि मी ओरडलोच. शेजारचे मिश्राजी दचकले, "क्या हुआ भैया?"

"मेरा भाई जीत गया!"

लगेच साताऱ्याला दादाला फोन लावला. तो म्हणाला, "अरे, माझी बॉलिंग कशी होती ते तरी सांग!"

तासभर सांगत होतो.

तुमच्या घरातलं कोण मैदानात उतरायचं राहिलंय?