बाबांचं ‘थे’

आधी माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलं नाही, आणि मला स्वतःला अर्जापलीकडे काही लिहायची सवय नाही. चांगलं लिहिणारे पुष्कळ आहेत, त्यांच्यात जाऊन बसायचा माझा विचार नाही. पण एक गोष्ट मी चुकीची समजलो होतो आणि वहीत तशीच लिहूनही ठेवली होती. ती दुरुस्त केल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

पोंभुर्ण्याच्या पुढे, जंगलाला लागून आमचं गाव. मी चंद्रपुरात फार्मसीच्या पहिल्या वर्षाला आहे. जागा आमच्या जमातीच्या कोट्यातली. जात वैधता प्रमाणपत्रासाठी मुदतीत पुरावा दिला नाही तर ती जाणार. पुरावा आजोबांच्या काळचा लागतो, आणि तो आमच्याकडे होता. जुन्या कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीची, एक नक्कल, तिच्यात आजोबांच्या नावापुढे जमात लिहिलेली. बाबांनी कितीतरी खेटे घालून ती मिळवली होती. मूळ बुकाचं ते पान आता इतकं झिजलंय की वाचता येत नाही, म्हणजे दुसरी नक्कल निघणार नव्हती. मधे पेटीला वाळवी लागली तेव्हा बाबांनी कागद तिथून काढून दुसरीकडे ठेवला. कुठे, ते आम्ही विचारलं नाही. बाबा होते ना, विचारायचं कशाला?

माझा प्रवेश झाला आणि महिन्याभरात बाबांना लकवा मारला. चालणं हळूहळू परत आलं. उजवा हात लुळा राहिला, आणि नावं गेली. डॉक्टर म्हणाले, यांना सगळं समजतं, फक्त वस्तूचं नाव सापडत नाही. आमच्याकडे ‘ते’ला ‘थे’ म्हणतात. बाबांजवळ तेवढंच उरलं. बैल थे, विळा थे, माय थे, मीही थे.

“कागद कुठी ठेवला जी?” माय विचारायची.

“थे... थे...” बाबा डावा हात तोंडाशी न्यायचे आणि मनगट वाकवायचे, प्यायल्यासारखं.

“पाणी मांगून राह्यले. आण वं पोरी.”

बहीण गिलास आणायची. बाबा जोरात मान हलवायचे, गिलास लोटायचे. एकदा त्यांनी तो भिंतीवर फेकला. “घसा कोरडा पडते न् चीड येते त्याइले,” माय म्हणायची आणि भुई पुसून घ्यायची. धान्याची ढोली उपसली, छपराचे कवेलू उचलून पाहिले, देवाच्या तसबिरीमागे पाहिलं. कागद नव्हता.

त्याच दिवसांत कॉलेजात इंग्रजी बोलण्याच्या तासाला सर म्हणाले, “नाव आठवलं नाही म्हणून बोलणं थांबवू नका. इंग्रज माणूसही विसरतो.” आणि त्यांनी फळ्यावर लिहिलं: थिंगमजिग, व्हॉट्सिट, व्हॉचमकॉलिट, डूहिकी, थिंगी. नाव विसरलेल्या कुठल्याही वस्तूला यातलं काहीही चालतं म्हणाले. वर्ग हसत सुटला. मी सगळे शब्द उतरवून घेतले. मला तोवर वाटायचं, इंग्रजी येणाऱ्याला जगातल्या सगळ्या वस्तूंची नावं पाठ असतात.

दिवाळीत घरी गेलो तेव्हा बाबांजवळ बसलो.

“बाबा, इंग्रज लोकबी नाव इसरते. मंग काय म्हणते मालूम आहे? थिंगमजिग!”

बाबा एका बाजूने हसले. लकव्यानंतर पहिल्यांदाच. “थिं...” म्हणाले.

चुलीपासून माय बोलली, “घरात एक ‘थे’ कमी होता, आता हा इंग्रजी ‘थे’ घेऊन आला. त्यानं कागद सापडते का?”

“नाई सापडला तं नाई. बाबा हासले तं,” बहीण म्हणाली.

त्या हसण्याने मला हुरूप आला. मी वही घेतली आणि एकेक विचारू लागलो. बाबांनी फक्त मान हलवायची.

“थिंगमजिग घरात आहे?” नाही.

“जंगलात?” हो. मग लगेच नाही.

“लोखंडाचं? मातीचं?” नाही, नाही.

“लाकडाचं?” जरा थांबून नाही.

“माणसानं बनवलेलं आहे?” हो. नाही. मग त्यांनी डाव्या हाताने हवेत काहीतरी गोल काढलं आणि तोच हात तोंडाशी नेला.

माझा धीर सुटला. मी बाबांवर कधी आवाज चढवला नव्हता. “पाणी मंग प्या नं बाबा! आधी कागदाचं सांगा!” असं ओरडलो आणि गिलास भरून त्यांच्या हातात दाबला. बाबा माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी ते सगळं पाणी पिऊन टाकलं.

त्यानंतर त्यांनी कधी गिलास लोटला नाही. आणला की निमूट प्यायचे. माय म्हणाली, बरं झालं, आता चिडत नाहीत. मी वहीत लिहिलं, ‘बाबांना प्रश्न कळत नाहीत. उत्तरं बदलतात. विचारणं बंद.’

हॉस्टेलला परत आलो. आमच्या अभ्यासात सगळी नावंच आहेत. एकेका औषधाची दोन-दोन नावं. पाठ करताना फळ्यावरचे ते शब्द आठवायचे आणि राग यायचा. ते क्षणभर विसरणाऱ्यांचे शब्द आहेत. त्यांना थोड्या वेळाने खरं नाव आठवतं. ज्याला कधीच आठवणार नाही त्याच्यासाठी सरांनी काही लिहिलं नव्हतं.

एकदा मुदत वाढली होती, आता वाढणार नव्हती. कॉलेजच्या ऑफिसातले बाबू वाईट नव्हते. “सोमवारपर्यंत आण बाळा. मग माझ्या हातात काही नाही,” म्हणाले. तो शुक्रवार होता. मी खोलीवर येऊन पुस्तकं पिशवीत भरली. ग्रंथालयाची वेगळी काढली. गावी जाऊन कोणाला काय सांगायचं याची वाक्यं मनात जुळवली, पण बाबांसमोर बोलायचं एकही जुळेना.

दुपारी बहिणीचा फोन आला. गावात टाकीजवळच्या उंचवट्यावरच नेटवर्क मिळतं, तिथून ती धापा टाकत बोलत होती.

“दादा, सापडला!”

“कुठी?”

“कोठ्यात. तुंब्यात.”

तुंबा म्हणजे पोखरून वाळवलेला दुधी भोपळा. बाबा मोहफुलं वेचायला जंगलात जायचे तेव्हा त्यातून पाणी न्यायचे. प्लास्टिकच्या बाटल्या आल्यापासून तो गुरांच्या कोठ्यात आढ्याला टांगलेला असतो, आणि माय त्यात बी ठेवते.

“माय बरबटीचं बी लावाले तुंबा खाली घेऊन राह्यली होती. बाबानं पाह्यलं, न् तोच हात तोंडाशी नेला. मी सगळं बी सुपात ओतलं, तं खाली पन्नीत गुंडाळून कागद. एक अक्षर पुसलं नाई. उद्या सकाळच्या गाडीनं घेऊन येऊन राह्यली मी.”

मी फोन कानाशी धरूनच पिशवीतली पुस्तकं बाहेर काढू लागलो.

“दादा, आइकून राह्यला का? बाबा पाणी मांगतच नव्हते.”