फ्रिजवरचं तिकीट

तिघांचा बँड आणि एक म्हातारी व्हॅन असली की किस्से गोळा करावे लागत नाहीत. सीटखाली चिप्सचे कागद साठतात तसे तेही साठत जातात! दोन हजार चारच्या आसपासचे हे दिवस. वैदेही आर अँड बी ढंगाची इंग्रजी गाणी गायची, टॉम ड्रम्स वाजवायचा आणि नोकरी सांभाळून मी कीबोर्ड.

*

वैदेहीचे बाबा लीड्सला भूलतज्ज्ञ. आमच्या तिथल्या मराठी मंडळातले सगळ्यात दर्दी श्रोते. कुणी नाट्यगीत म्हटलं आणि ते आवडलं, की मागच्या रांगेतून काकांचा ‘वन्स मोअर!’ ठरलेला. गाणाऱ्याला पुन्हा पहिल्यापासून म्हणावंच लागायचं. एका काकूंनी दोनदा म्हटलं आणि तिसऱ्यांदा सरळ माईकच बंद केला!

लेकीच्या गाण्याबद्दल मात्र एकच वाक्य: “मी दिवसभर माणसं झोपवतो, आणि तू त्यांना उठवत फिर!”

*

गणपतीत वैदेहीला आरती सांगायला उभं केलं. तिने प्रत्येक ओळीच्या शेवटी अशा काही हरकती घेतल्या की कापूर विझला तरी पहिलं कडवं संपेना. तबक धरून हात भरून आलेल्या काकू म्हणाल्या, “वैदेही, बाप्पाला भूक लागलीय गं!”

*

लंडनच्या एका रेकॉर्ड कंपनीने बोलावलं. साहेब म्हणाले, आवाज छान आहे, पण सोबत सतार वाजवलीस तर जास्त ‘ऑथेंटिक’ वाटेल.

“सतार? आय डिड क्लॅरिनेट!” व्हॅनमध्ये बसल्यावर ती आपल्या लीड्समध्ये वाढलेल्या मराठीत भडकली. “मला सतार नाही येतो!”

करार झाला नाही. वाटेत टॉमने आम्हाला चहा पाजला.

*

प्रत्येक गिगच्या, म्हणजे कार्यक्रमाच्या आधी वैदेही बाबांसाठी एक तिकीट घरच्या फ्रिजवर मॅग्नेटखाली लावायची. काका प्रत्येक वेळी ‘ऑन कॉल’, हॉस्पिटलच्या फोनला बांधलेले. गिग संपवून घरी जावं तर तिकीट जागच्या जागी. बाबांनी एकदा, फक्त एकदा ऐकावं, एवढंच तिचं म्हणणं होतं. हे सगळं ती हसत सांगायची, पण मला त्या हसण्याचा त्रास व्हायचा.

*

लेस्टरला रविवारी दुपारी कार्यक्रम होता. स्टेजवर जाताना ती म्हणाली, “या वेळी मी तिकीट नाही लावला. बास झालं.”

तिसरं गाणं संथ होतं. ती जीव ओतून गायली. संपल्यावर लोकांनी बेताच्या टाळ्या वाजवल्या. टॉम पुढच्या गाण्यासाठी काड्या उचलतोय, तेवढ्यात अगदी मागून, दाराजवळून खणखणीत आवाज आला.

“वन्स मोअर!”

शंभर माना मागे वळल्या. टॉम घाबरून माझ्या कानाशी आला, “काय झालं? त्याला आवडलं नाही का?”

वैदेही माईक धरूनच आमच्याकडे वळली आणि म्हणाली, “पहिल्यापासून.”