पिना मारलेलं प्रकरण

माझी थोरली बहीण एका हॉटेलच्या धुलाईघरात मुकादम आहे. चादरीवर डाग राहिला की धुणाऱ्याची खरडपट्टी काढल्याशिवाय तिला चैन पडत नाही. आणि अशा बाईला तिच्याच आजारातलं अर्धं कळू द्यायचं नाही, हा दिव्य विचार माझ्या दाजींच्या डोक्यातून निघाला.

छातीतली गाठ कॅन्सरची निघाली. ऑपरेशन झालं, केमो सुरू झाली. डॉक्टरीणबाईंनी एक पुस्तक सुचवलं. उपचार कसे चालतात, संशोधनातून काय कळलंय, काय अजून कळलेलं नाही, घरी कशावर लक्ष ठेवायचं, सगळं साध्या भाषेत. रसाने नि मुळ्यांनी कॅन्सर पळवणारी पुस्तकं पैशाला पासरी मिळतात, असं एखादंच. दाजींनी ते आणलं खरं, पण आधी ऑफिसात नेऊन एका अख्ख्या प्रकरणाला स्टेपलरने पिना मारल्या. ताईने विचारलं तर बेधडक ठोकून दिलं, “डॉक्टरच म्हणाल्या, हा भाग तुझ्यासाठी नाही.” डॉक्टरांचं नाव आल्यावर ताईने विश्वास ठेवला.

दुसऱ्या केमोनंतर तिला थंडी वाजून ताप भरला. दाजींनी तापाची गोळी दिली, पांघरुणं घातली आणि म्हणाले, औषधाचा परिणाम, उतरेल. मी दोन दिवसांनी भेटायला गेले तेव्हा ती ग्लानीत होती, मला ओळखतही नव्हती. दाजींशी वाद न घालता मी गाडी बोलावली.

“केमोत ताप आला की तडक इथे यायचं,” डॉक्टरीणबाई संतापून म्हणाल्या. “घरी जाताना सांगितलेलं लक्षात राहत नाही, म्हणून तर पुस्तक घ्यायला लावते. ठळक अक्षरात छापलंय त्यात.”

ताई वाचली. थोडक्यात वाचली. हे लिहितानाही माझं डोकं भणभणतं. तिला जपायचं म्हणून तिलाच मरणाच्या दारात नेऊन ठेवलं, आणि वर नातेवाईक म्हणत होते, दाजींचा बायकोवर किती जीव.

घरी आल्यावर ताईने कात्री मागितली. टोकाने एकेक पिन उपसली. ‘ताप आल्यास’ हा मजकूर प्रकरणाच्या सुरुवातीलाच होता. तिने पुस्तक दाजींसमोर धरलं.

“हे वाचलं होतंत, तरी मला घरी ठेवलंत?”

“वाचलं नव्हतं,” दाजी म्हणाले. “वर ‘धोके’ असं लिहिलेलं दिसलं. पुढे पान उलटवायचा धीर झाला नाही.”

“म्हणजे भीती तुम्हाला वाटत होती,” ताई म्हणाली, “आणि आंधळं मला केलंत.”

मग तिने त्यांना शेजारी बसवलं आणि मोठ्याने वाचायला लावलं. दाजी अडखळत वाचू लागले. आजार पुन्हा उलटू शकतो, या ओळीपाशी त्यांनी पुस्तक मिटायला घेतलं, तशी ताईने मध्ये बोट घातलं.

“थांबू नका. उलटला तर काय करायचं, ते पुढे असेल.”