शाळेचा कॅमेरा आणि दगाबुवाची कानबाई

सुरतेतल्या नवागामच्या त्या गल्लीत गायत्रीला दोन नावं आहेत. पोरं तिला मॅडम म्हणतात, आणि पोरांचे आईबाप म्हणतात दगाबुवानी सून. पहिलं नाव शाळेत जाईपर्यंत टिकतं. दुसरं रात्रंदिवस.

घर म्हणजे एक खोली, कोपऱ्यात मोरी आणि दाराबाहेर दोन माणसांपुरता ओटा. नवरा चेतन हजीऱ्याच्या कारखान्यात, ठेकेदाराकडे. पाळी संपली की येतो, जेवतो, झोपतो, जातो. उरतात तिघं: सासरा दगाबुवा, सासू प्रमिलाबाई आणि गायत्री. दगाबुवाचं अख्खं आयुष्य मागाच्या खडखडाटात गेलं, म्हणून हळू बोलणं त्याला येतच नाही. आणि गायत्रीनं त्याच्याशी बोलायचंच नाही.

खानदेशातली जुनी रीत ही. सून सासऱ्यासमोर पदर घेते आणि त्याच्याशी तोंडानं बोलत नाही. गावाकडे ते निभतं. सासरा बाहेर खाटेवर, सून चुलीपाशी, मध्ये अंगण. सुरतेत अंगण कुठून आणायचं? म्हणून मध्ये प्रमिलाबाई. सासरा हातभर अंतरावर बसलेला असतो आणि गायत्री म्हणते, "आत्या, मामास्ले सांगा, पाणी गरम व्हयनं." प्रमिलाबाई मान वळवून सांगते, "पाणी गरम व्हयनं." दगाबुवा ओरडतो, "तीले सांग, येस!" सासू भाजीला गेली असली की गायत्री माठाला सांगते आणि दगाबुवा पंख्याला उत्तर देतो. बाहेरच्याला हसू येईल. त्या घरात कोणी हसत नाही, कारण त्यात हसण्यासारखं काय आहे हे कोणाच्या ध्यानातच येत नाही.

प्रमिलाबाई निरोप जसाच्या तसा कधी पोचवत नाही, ही त्यातली गोम. कडू असेल तर ती साखर घालते. गायत्री एकदा म्हणाली होती, "मामास्ले सांगा, मी शिकाडानी नोकरी धरस, कोणी नही म्हनो का हो म्हनो." ते दगाबुवाच्या कानी पडलं असं: "सून ईचारस, शाळामा जाऊ का?" दगाबुवा खूश झाला आणि जा म्हणाला. घर असंच चाललंय. दोन्ही बाजू गायत्रीला ऐकू येतात आणि दुरुस्ती करता येत नाही.

नोकरी मिळाली ती मराठी माध्यमाच्या शाळेत, प्रवासी शिक्षिकेची. म्हणजे तासांवर पगार आणि दरसाल नवी नेमणूक, झाली तर. तिच्या वर्गातली पोरं घरी अहिराणी बोलतात, गल्लीत हिंदी, दुकानात गुजराती. पुस्तकातली मराठी त्यांना पाहुण्यासारखी. विचारलं तर माना खाली. गायत्रीला ती खाली गेलेली मान चांगली ओळखीची.

मग बारडोलीकडच्या एका संस्थेनं शाळेला डिजिटल कॅमेरा दिला. घरोघरी मोबाइल आहेत, पण ते बापाच्या खिशात आणि बाप खात्यात, म्हणजे कारखान्यात, मागावर. हा कॅमेरा नुसता फोटो काढतो. गायत्रीनं ठरवलं, रोज एका पोरानं तो घरी न्यायचा, वाटेल ते टिपायचं, दुसऱ्या दिवशी वायर लावून वर्गातल्या टीव्हीवर दाखवायचं आणि आपल्या बोलीत सांगायचं. मग सगळ्यांनी मिळून ते पुस्तकी मराठीत बसवायचं. दोन्ही वाक्यं फळ्यावर शेजारी शेजारी.

पोरांना तोंड फुटलं. बादली, चप्पल, गटार. गणेशनं खाट आणली: दिवसपाळीचा काका उठला की त्याच उबेत रातपाळीचा काका झोपतो ती. योगिताची आई छाया घरी बसून साड्यांवर टिकल्या चिकटवते. योगितानं साड्यांच्या ढिगातून बाहेर आलेला तिचा नुसता हात आणला. वर्षभर तोंड न उघडलेली पोर उभी राहून म्हणाली, "हाऊ मनी मायना हात शे. माय साड्यासना खाले शे."

शाळेचा कॉम्प्युटर बंद पडलेला, त्यामुळे सगळे फोटो त्या एका कार्डावरच साठत गेले. श्रावण लागला तेव्हा मुख्याध्यापिका मालतीबाईंनी तिला ऑफिसात बोलावलं.

"गायत्रीबेन, वर्ग बारीक होतोय. लोक पोरांना हिंदीत घालतायत, इंग्लिशमध्ये घालतायत. मंगळवारी पालकसभा घ्या, हे फोटो दाखवा. पालक आले, पोरं इथंच ठेवतो म्हणाले, तर मला वर लिहिता येईल. नाहीतर तुमचा वर्ग शेजारच्या शाळेत जाणार."

"आणि मी?"

मालतीबाईंनी पेनाचं टोपण लावलं. "वर्गच नाही तर प्रवासी शिक्षक कशाला?"

शाळा गेली की उरते खोली. सकाळपासून रात्रीपर्यंत मोरी, स्टो, माठ आणि पंखा. गायत्री घरी आली ती कॅमेरा छातीशी धरून.

रविवारी कानबाई बसली. सुरतेतल्या खानदेशी माणसाला त्या दिवशी दुसरं काही दिसत नाही. चौरंगावर नारळाची देवी, तिला नथ, तिला साडी, घरात भाऊबंदांच्या रोटांच्या नैवेद्याची धांदल, सोमवारी सकाळी वाजतगाजत तापीवर विसर्जन. यंदा गल्लीची कानबाई बसवायचा मान दगाबुवाकडे. आणि पलीकडच्या गल्लीनं व्हिडिओवाला ठरवलेला.

"आपलाकडे बी खरा कॅमेरा शे," दगाबुवानं ओट्यावरून जाहीर केलं. "मोबाइलवर काय, कोनीबी काढस."

त्यानं आत येऊन फळीवरचा कॅमेरा उचलला. विचारायचं कोणाला? सुनेशी तर बोलत नाहीत. समोर मोबाइल दुरुस्तीचं दुकान असलेल्या गोपालच्या हातात त्यानं तो दिला.

गायत्री आत पुरण वाटत होती. तिला सगळं ऐकू येत होतं.

"तात्या, कार्ड फुल शे. एक बी फोटू नही निंघाव."

"मंग जुनं काढी टाक."

गोपाल एकेक फोटो सरकवू लागला. "देखा! बादली. चप्पल. हाई गटार. हाऊ कोनातरी हात, नुसता हात! तात्या, तुनी सून पोरेस्ले हाई शिकाडस?"

"फी नही ना लागस तठे," ओट्यावर टेकलेला म्हातारा सुपडू म्हणाला. "फुकटमा गटारच दखाडतीन."

ओटा हसला. दगाबुवाही हसला, पण थोडं उशिरा.

गायत्रीचा हात थांबला. "आत्या, मामास्ले सांगा, त्या पोरेसना अभ्यासना फोटू शेतस. मंगळवारले दखाडना शेतस. दुसरीकडे कोठेच नहीत."

प्रमिलाबाईनं दाराकडे तोंड केलं. "आयकं का, सून म्हनस, कॅमेरा शाळाना शे, जपीसन वापरा."

"जपसूतच! मी काय धाकला पोऱ्या शे?"

"आत्या, तसं नही. फोटू काढी नका टाकू म्हना."

प्रमिलाबाईच्या कपाळावर घाम होता. सणाचा दिवस, ओट्यापाशी चार माणसं, नवऱ्याला कधी नव्हे तो मान मिळालेला. तिनं तेच केलं जे ती इतकी वर्षं करत आली होती. "सून म्हनस, कानबाईना फोटू चांगला निंघो."

"निंघी, निंघी!"

"आत्या!"

"राहू दे ना व, मनी माय," प्रमिलाबाई कुजबुजली. "दुसरा काढी लेतीन पोरं."

बाहेर गोपाल म्हणाला, "बठ्ठा एकदाच काढू का, म्हनी ईचारी ऱ्हायना हाऊ. दाबू का तात्या?"

"दाब."

गायत्री दारात उभी होती. कधी उठली ते तिलाही कळलं नाही. हात पुरणानं भरलेले, पदर खांद्यावर.

"मामा, दाबू नका. त्या मना पोरेसना शेतस."

गोपालचा अंगठा हवेतच राहिला. सुपडूनं तोंडातली तंबाखू गिळली की काय कोण जाणे.

दगाबुवानं तिच्याकडे पाहिलं नाही. गोपालच्या हातून कॅमेरा घेतला आणि उंबऱ्यावर ठेवला. तिच्या हातात नाही, उंबऱ्यावर. मग माणसांना म्हणाला, "आज कानबाईना दिन शे. मी काही बोलनार नही." आणि गोपालला, "तुना मोबाइल काढ."

फोटो वाचले.

सोमवारी मिरवणुकीत बायका डोक्यावर कानबाई घेऊन नाचत निघाल्या. एरवी त्या गायत्रीलाही हात धरून नाचायला ओढतात. त्या दिवशी गायत्रीच्या दोन्ही बाजूंना जागा मोकळी राहिली. तरी ती छायाजवळ गेली.

"छायाताई, उद्या शाळामा या. योगितानं तुमना हातना फोटू काढेल शे."

छाया चालता चालता म्हणाली, "मॅडम, पोर तुमनाजवळ काय शिकी? सासराले तोंड देवानं? तीले बी सासरी जानं शे."

पुढच्या दोघी खुदकन हसल्या. त्यांचीही पोरं गायत्रीच्याच वर्गात होती.

मंगळवारी पोरांनी बाकं पुसली, पालकांसाठी पुढच्या रांगा सोडल्या, टीव्हीला वायर लावली. बराच वेळ गेला. मग दारात प्रमिलाबाई दिसली, नव्या लुगड्यात. पोरांच्या बाकावर ती कशीबशी तिरकी मावली.

"मामास्नी धाडं?" गायत्रीनं हळूच विचारलं.

"हा. त्यास्नीच धाडं."

ते बोलणं झालं तेव्हा गायत्री खोलीत नव्हती. खरं किती आणि साखर किती, कळायला मार्ग नव्हता.

मालतीबाई डोकावल्या. "एकच पालक?"

"माझ्या सासूबाई आहेत."

"मग त्याही पालक नाहीत, गायत्रीबेन." मालतीबाईंनी रिकामी बाकं पुन्हा एकदा पाहिली. "जे आहे ते लिहीन मी." आणि त्या गेल्या.

पोरांना त्याचं काही नव्हतं. एक का होईना, बघणारं माणूस आलं होतं. बादली, चप्पल, खाट, एकेक जण उठून खणखणीत सांगत होता. योगितानं टिपलेला हात पडद्यावर आला तशी प्रमिलाबाई पुढे वाकली. "हाऊ तर छायाना हात! नख देख कसं काळं पडी गयं." आणि ती पोरांना विचारत सुटली, हे कोणाचं, ते कुठलं. पोरं सांगत राहिली. घंटा झाली तरी सांगत राहिली.

परतताना प्रमिलाबाई छायाच्या दाराशी थांबली. "तू जाय पुढे. मी हीले जरा समजाडस."

दगाबुवा ओट्यावर होता. रविवारपासून तो घरात यायचा ते फक्त झोपायला. जेवणही ओट्यावर. गायत्रीला पाहून तो उठला, बाजूला झाला, गल्लीकडे तोंड करून उभा राहिला. ती आत गेली. खोलीत कोणीच नव्हतं. पहिल्यांदाच अख्खी खोली तिची होती, आणि तिला चार भिंती नीट दिसल्या.

तिनं चहा केला. द्यायला कोणी नव्हतं म्हणून कप उंबऱ्यावर ठेवला आणि दाराआड उभी राहिली. "मामा, चहा."

दगाबुवानं कप उचलला. एक घोट घेतला, कप परत उंबऱ्यावर ठेवला. मग मागावरच्या आवाजात समोरच्या दुकानाकडे ओरडला, "गोपाल! घरमा सांग, साखर कमी शे!"

गोपालनं काउंटरवरून मान वर केली. "वहिनी! तात्या म्हनतस, साखर कमी शे!"

दोन दारं पलीकडून कोणीतरी तेच पुन्हा म्हटलं आणि हसलं. नळावरच्या बायांनी वळून पाहिलं.

गायत्रीनं डबा आणला. पदर डोक्यावर घेतला, वाकून उंबऱ्यावरच्या कपात चमचाभर साखर घातली, ढवळली. आता पुरेशी झाली का, ते विचारायचं होतं. निरोपासाठी तिनं गोपालकडे पाहिलं.