नऊ नंबरचे केस

आमच्या संघाचा नऊ नंबर सामन्यात सगळ्यात मन लावून कुठलं काम करत असेल, तर बुटाची नाडी बांधण्याचं. बॉल आपल्या पोरांकडे आला की हा खाली बसून नाडी बांधणार, समोरच्यांकडे गेला की कमरेवर हात ठेवून उभा राहणार, आणि आपल्यावर गोल झाला की आभाळाकडे बघून मान हलवणार, जशी काही चूक वरच्याचीच. नुसता वाईट खेळला असता तर आम्ही त्याला कधीच सोडून दिला असता. पण मध्येच एखादा बॉल तो छातीवर असा अलगद घेतो की समोरचे तिघे तीन दिशांना जातात आणि हा मधून चालत निघतो. धावत नाही, चालतच. सगळं मैदान उभं राहतं, आमच्या तोंडून "आई गं" निघतं, आणि हा गोलपाशी जाऊन बॉल बाहेर मारतो. मग पुन्हा नाडी.

भिवंडीजवळ अंजूरच्या बाजूला आमचं गाव. इथे फुटबॉल कसा आला ते सांगायला हवं, कारण पूर्वी आमची पोरं क्रिकेटच खेळायची. शेताला लागून गोदाम झालं आणि बरी फटकेबाजी झाली की चेंडू गोदामाच्या पत्र्यावर जायला लागला. वॉचमन तो परत देईना. त्याच्याकडे म्हणे चेंडूंनी पिंप भरलं होतं. शेवटी कंटाळून पोरांनी मोठा बॉल आणला, जो पत्र्यावर गेला तरी गडगडत खाली येतो. भातकापणी झाली की त्याच शेतात बांबूचे गोल उभे राहतात. मी स्वतः गोदामातच कामाला आहे, पॅकिंगला, पण दुसऱ्या. आठवडाभर खोके बंद करायचे, टेप ओढायची. बोलायला बंदी नाही, पण सुपरवायझर असा बघतो की शब्द घशातच राहतात. ते साठलेले सगळे शब्द रविवारी मैदानावर बाहेर येतात. घरून प्लास्टिकची खुर्ची घेऊन जाते आणि कोपऱ्यात बसते. माझा आवाज पार हायवेपर्यंत जातो असं लोक म्हणतात, आणि मला त्याचा अभिमान आहे.

माझा नवरा त्या संघाचा गोलकीपर. टेम्पो चालवतो, गुडघे गेलेले, पोट पुढे आलेलं, पण दोन बांबूंच्या मध्ये उभा राहिला की दहा वर्षांनी लहान होतो. अर्धं आयुष्य त्याने तिथे उभं राहून घालवलं होतं आणि एकदाही कप उचलला नव्हता. जिंकलेला संघ कप टेम्पोत ठेवून गावातून वाजतगाजत फिरतो, अशी आमच्याकडे रीत आहे. दर वर्षी तो टेम्पो माझ्या नवऱ्याचा, कारण भाडं कमी घेतो, आणि आत कप दुसऱ्याच गावाचा. गेल्या वर्षी डॉक्टरने गुडघ्यावर बोट ठेवून सांगितलं, आता पुरे. घरी येऊन तो म्हणाला, "ह्यो शेवटचा मोसम. मंग मी बी तुझ्या बाजूला खुर्ची टाकीन." हसत म्हणाला, पण रात्री जेवला नाही. मला त्याचं फार वाईट वाटलं आणि नऊ नंबरचा तेवढाच राग आला. कारण कप आणू शकेल असा गावात एकच माणूस होता आणि तो नाडी बांधत होता.

त्याच्या बापाची जमीन गोदामाला भाड्याने गेलेली. महिन्याच्या महिन्याला घरबसल्या पैसा. बुलेट, गॉगल, आणि केस. खांद्यापर्यंत वाढवलेले, टोकाला सोनेरी रंग, वर रबर लावून बांधलेले. तो हेडर मारत नसे, कारण केस विस्कटतात. हे मी मनाचं सांगत नाही, त्याने स्वतः कॅप्टनला सांगितलं होतं. नारपोलीच्या यंत्रमागांवरून आमचे सामने बघायला एक लूममास्टर यायचे, नवऱ्याचे जुने दोस्त, यूपीकडचे. ते माझ्या शेजारी उभे राहून कपाळावर हात मारायचे. "भाभी, ये लडका मेरे लूम पे होता ना, तो पहिल्याच शिफ्टला हाकलला असता," असं अर्धं हिंदी अर्धं मराठी बोलायचे.

सगळे उपाय करून झाले. शिव्या दिल्या, त्याने ऐकल्या नाहीत. कौतुक केलं, ते मात्र ऐकलं आणि आणखी हळू चालायला लागला. एकदा त्याला बसवून ठेवला, तर बाहेर बसून मोबाइल बघत राहिला आणि आम्ही हरलो. शेवटी मी हात टेकले आणि गावदेवीकडे गेले.

आमच्या गावात नवस मनातल्या मनात बोलत नाहीत. देवीसमोर मोठ्याने बोलायचा आणि साक्षीला एक माणूस हवा, म्हणजे मागाहून कुणी शब्द फिरवायला नको. आणि नवस स्वतःच्याच नावाने बोलायला पाहिजे असंही नाही. आई पोराच्या नावाने बोलते, बायको नवऱ्याच्या नावाने. मग मी काकी असून पुतण्यासारख्या पोराच्या नावाने का बोलू नये? मी नारळ ठेवला आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "आई, ह्या टुर्नामेंटमधी नऊ नंबरने एक जरी गोल मारला, तर तो सगलं केस तुला देईल."

साक्षीला तेव्हा देवळात एकच बाई होती. नऊ नंबरची आई. मी जरा चपापले. पण ती झाडू टाकून माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "माझ्याकडून बी नारल ठेव बाय. त्या जटा बगून मना जेवन जात न्हाय."

आता इथे माझी अक्कल कुठे चरायला गेली होती कोण जाणे. माझ्या डोक्यात एवढंच होतं की देवीला काहीतरी मोठं द्यायला हवं, आणि त्या पोराकडे केसांपेक्षा मोठं काय होतं? ज्याला द्यायचं आहे तो ऐकून काय करेल, हा विचार मला शिवलाच नाही. त्याच्या आईने संध्याकाळी घरी जाऊन त्याला आनंदाने सगळं सांगितलं.

पहिल्या सामन्यात बॉल त्याच्या पायाशी आला. समोर रिकामा गोल. कीपर पडलेला. मी खुर्चीवर उभी राहिले. आणि त्याने बॉल बाजूच्या पोराला दिला. त्या पोराला जन्मात कधी त्याच्याकडून पास मिळाला नव्हता, तो आधी मागे बघायला लागला की हा बॉल नक्की कुणाला दिला. मग भानावर येऊन त्याने मारला आणि गोल झाला. पुढच्या सामन्यात तसंच. नऊ नंबर तिघांना चुकवून जातो, बांबूपाशी पोचतो आणि बॉल दुसऱ्याला देऊन असा बाजूला होतो जसा बॉलचा शॉक लागतोय. आम्ही सामन्यामागून सामने जिंकत गेलो. लूममास्टर गहिवरले. "भाभी, लडका सुधर गया! टीम के लिए खेल रहा है!" मीही फुशारले. देवीने नुसता खेळ नाही, मनच बदललं असं चार बायांना सांगून आले.

खरी गोष्ट फायनलच्या आदल्या दिवशी भाजीवाल्यापाशी कळली. त्याची आई म्हणाली, "कसला सुधरतोय! केस वाचवतोय तो. रोज तेल लावून आरशाम्होरं बसतं आनि बोलतं, काकीला काय करायचं ते करू दे, मी गोलच मारत न्हाय." माझ्या हातातली मेथी तिथेच राहिली.

फायनल कोन गावच्या संघाशी. ती पोरं हुशार. त्यांनी आधीचे सामने पाहिले होते. त्यांनी नऊ नंबरला मोकळा सोडला आणि बाकी सगळ्यांना धरून ठेवलं. हा बॉल घेऊन गोलपर्यंत जायचा, पास द्यायला कुणी नाही, समोर फक्त कीपर, मग हा परत वळून मागे यायचा. गोलपासून उलटा पळणारा फॉरवर्ड मी आयुष्यात पहिल्यांदा बघितला. मी काय काय ओरडले ते इथे लिहिता येणार नाही. इकडे माझा नवरा गुडघ्याला फडकं बांधून एकामागून एक बॉल अडवत होता. प्रत्येक वेळी उठायला जरा जास्त वेळ घेत होता. ते मला बघवेना.

मध्यंतर झालं, गोल कुणाचाच नाही. मी सरळ मैदानात घुसले. "काय रं, काकाचा शेवटचा सामना हाय, ठावं हाय ना तुला? केस काय, परत येतील."

"काकी, नवस मागं घ्या ना मंग," तो म्हणाला. पोरगा रडकुंडीला आला होता. "मी आता मारतो तुमाला गोल."

"बोललेला नवस मागं घेता येत न्हाय."

 त्याने नवऱ्याकडे बघितलं. माझा नवरा पाण्याची बाटली तोंडाला लावून उभा होता, त्याच्या गुडघ्याचं फडकं ओलं झालं होतं. "काका, जरा या," असं म्हणून तो नवऱ्याला घेऊन मैदानाच्या कडेने देवळाकडे गेला. पाया पडायला गेले असतील असं मला वाटलं. परत आले तेव्हा दोघंही हसत होते. मला बरं वाटलं, म्हटलं, पोराने मन घट्ट केलं.

खरंच केलं होतं. शेवटची काही मिनिटं राहिली होती. कोनच्या पोराने जोरात मारला, माझ्या नवऱ्याने अंग टाकून अडवला, आणि पडल्यापडल्याच बॉल पुढे फेकला. कुणीतरी तो कडेने घेऊन गेलं आणि उंच टाकला. आणि नऊ नंबर धावला. अहो, धावला! लूममास्टरांनी माझा हात धरला. पोराने धावता धावता केसांचं रबर काढून फेकलं, केस सगळे मोकळे उडाले, आणि त्या केसांनीच, म्हणजे त्यांच्याखालच्या डोक्याने, त्याने बॉल आत घातला. त्याच्या आयुष्यातला पहिला हेडर. मी इतकी ओरडले की गोदामाचा वॉचमन शिट्टी वाजवत बाहेर आला.

कप माझ्या नवऱ्याने घेतला. त्याला तो कसा धरायचा ते कळेना, तान्ह्या पोरासारखा कुशीत धरून उभा राहिला. डोळ्यांतलं पाणी खांद्याला पुसत होता, कारण हात मोकळे नव्हते. त्या वेळी मला त्या नऊ नंबरला सगळं माफ करावंसं वाटलं, अगदी नाडीसकट.

टेम्पो आधी देवळापाशी नेला. न्हावी बसलाच होता, त्याला नऊ नंबरच्या आईने सकाळीच सांगून ठेवलं होतं. सोनेरी टोकं पायरीवर पडली, मग उरलेलं सगळं पडलं. आईने एकदा डोक्यावरून हात फिरवला आणि तिलाच रडू आलं. सगळे टाळ्या वाजवत होते. मला वाटलं, आता आपण दोन शब्द बोलायला हवेत, नवस आपला होता. मी पुढे झाले, घसा साफ केला.

"काकी, थांबा," नऊ नंबर म्हणाला. त्याचं डोकं चकाकत होतं. "माझा बी नवस हाय. मध्यंतराला बोललोय, देवीसमोर, मोठ्यानं. मी गोल मारला तर माझे केस परत बांधन्याएवढे वाढस्तवर काकी मैदानावर एक शब्द बोलनार न्हाय."

 मी म्हटलं, "साक्षीला कोन होता?"

टेम्पोत बसलेल्या माझ्या नवऱ्याने एका हाताने कप सांभाळला आणि दुसरा हात वर केला.

मी देवीकडे बघितलं. ती काही माझ्या बाजूने बोलेल असं दिसलं नाही.

आता यंदाचा मोसम चालू आहे. मी माझ्या खुर्चीत मूग गिळून बसते. शेजारी दुसरी खुर्ची आहे, तिच्यात नवरा गुडघा लांब करून शेंगदाणे खातो. गोलमध्ये दुसराच पोरगा उभा असतो, त्याच्याकडे बघताना नवऱ्याचे हात आपोआप पुढे येतात, ते मला दिसतं. मग मी शेंगदाण्याची पुडी त्याच्या हातात देते. लूममास्टर माझ्या वतीने ओरडायचा प्रयत्न करतात, पण त्यांना त्या शिव्या जमत नाहीत.

आणि तो? नवस फिटला, भीती गेली, तो पुन्हा कमरेवर हात ठेवून उभा. बॉल आला की नाडी. मी आतल्या आत उकळत असते आणि त्याच्या मानेकडे बघत असते, केस कुठवर आले म्हणून. दिवाळीपर्यंत निदान कानावर यायला हवे होते. पण वाढतच नाहीत. देवीला दिलेले केस परत येत नाहीत की काय, असंही एकदा मनात आलं.

गेल्या रविवारी तो नाडी बांधायला अगदी माझ्या खुर्चीसमोर येऊन बसला. मान खाली घातली, तेव्हा मानेवर न्हाव्याची पावडर दिसली. केसांच्या कडा ताज्या, रेघ मारल्यासारख्या. मी झटकन नवऱ्याकडे वळले. तो शेंगदाणे सोलत होता आणि गालात हसत होता. आणि मला आठवलं, दर शनिवारी संध्याकाळी हा टेम्पो घेऊन भिवंडीला जातो, "जरा दोस्ताला सलूनमधी सोडून येतो" म्हणून.