मीटर ओला, वेली कोरड्या

“साहेब, पानं सकाळीच मान टाकून राहिले जी.” मंदाताईंचा तिसरा फोन.

“असू द्या. मीटर सांगतोय, जमिनीत ओल आहे.”

मी ठिबक सिंचनाचा सल्लागार, राहणार बेसा. मंदाताई आणि रमेशभाऊंनी उमरेड रोडवर संत्रा काढून एकरभर वाइनची द्राक्षं लावली होती. आसपास या पिकाचं कळणारा दुसरा कोणी नव्हता, म्हणून मी तज्ज्ञ.

मण्यांचा रंग पालटला की या द्राक्षांचं पाणी कमी करतात. याला ताण देणं म्हणतात. मणी लहान राहतो, रस घट्ट होतो. पण ताण बेताचा हवा. दुपारी पानं मलूल झाली तर चालतं. सकाळीही उठली नाहीत, तर वेल खरंच तहानलेली. हे मी शिबिरांत घसा कोरडा होईपर्यंत सांगतो.

वायनरीचा मॅनेजर पंधरा दिवसांत माल बघायला येणार होता. मी शेतावर गेलो, रसातली साखर मोजली. आठवड्यापूर्वी होती तेवढीच! पानं थकली की साखर भरणं थांबतं.

मंदाताईंनी खुरपी आणली. मीटरपासून हातभर दूर खणलं. नुसता फुफाटा. मग मीटरजवळ खणलं. चिखल.

“तुमचं मशीन तोटीखाली बसून पाणी पिऊन राहिलं, साहेब. काहून लावलं इथंच?”

“इथं माती नरम होती,” मी खरं ते सांगितलं.

“चूप राह्य वं,” रमेशभाऊ कुजबुजले. “साहेब आहेत ते.”

“साहेब आहेत म्हणूनच तर इचारून राहिली!”

रोजचं दहा मिनिटांचं ठिबक मातीच्या वरच्या थरातच सुकत होतं, मुळांपर्यंत पोचतच नव्हतं. एकदम भरपूर सोडलं असतं तर मणी फुटले असते. म्हणून रोज पहाटे थोडं थोडं वाढवत नेलं. चौथ्या दिवशी पानं ताठ झाली. मी हुश्श केलं.

मॅनेजरने बाग पाहिली, मणी चाखले. माल घेतला, पण पश्चिमेच्या दोन ओळी सोडून. तिथले मणी सुरकुतले होते. त्या ओळींसमोर मी जरा जास्तच वेळ बुटाची लेस बांधत बसलो.

आता मीटर दोन ठिकाणी लावतो. रीडिंग घेण्याआधी मालकिणीला विचारतो, सकाळी पानं कशी होती? ती सांगते तेच बहुतेक वेळा रिपोर्टात लिहितो. फी मात्र मीच घेतो.