तारोडीची हाक

मीरा रोडच्या शांती नगरातून उत्तनजवळच्या तारोडीला जाणं, याला प्रवास म्हणायचं का, असं कुणीही विचारेल. महानगरपालिका एकच, पाणी जातं तेही एकाच दिवशी. पण आमच्या सेक्टरमधल्या निम्म्या लोकांनी आपल्याच शहराचा समुद्र अजून पाहिलेला नाही. मी मात्र गेली काही वर्षं दर रविवारी ट्रम्पेटची पेटी खांद्याला अडकवून तिकडे जातेय. तेव्हा प्रवासवर्णन लिहिण्याचा हक्क माझाच.

नोकरी मी पतपेढीत करते. ट्रम्पेट ही हौस. तारोडीच्या हौशी ब्रास बँडमध्ये मी एकटीच बाई आणि एकटीच बाहेरगावची. या वेळचा रविवार गावच्या चॅपेलच्या सणाचा होता आणि नेमक्या त्याच रविवारी आमच्याकडे परभणीहून पाहुणे यायचे होते. पाहुणे म्हणजे माझ्या सासूबाईंची थोरली बहीण, शेवंतामावशी.

मावशींचं थोडं सांगायला हवं. माझे वडील परभणीत लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचे. माझं लग्न ठरलं तेव्हा मावशी चारचौघांत म्हणाल्या होत्या, "बँडवाल्याची लेक केली. बरं झालं, वरातीला बाहेरचा बँड नको." सगळे हसले. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, हसल्या नाहीत. पण ते त्यांना जे लागलं ते लागलंच. घरात मी सरावाला बसले की त्या उठतात, बाल्कनीतला जुना टॉवेल आणतात आणि ट्रम्पेटच्या कर्ण्यात कोंबतात. समोरच्या जयश्रीबेनना त्रास नको म्हणून, असं त्यांचं म्हणणं. ट्रम्पेटकडे मात्र त्या कधी डोळे भरून बघत नाहीत.

त्या सकाळी मिलिंद, माझा नवरा, मटण धूत होता. मुलगी रमा सोफ्यावर लोळत होती. आई दारात उभ्या राहिल्या.

"पाहुणे येऊ लाले अन् तू चाललीस. ताईनं विचारलं, सून कुठंय, तर काय सांगू मी?"

"सांगा, वाजवायला गेलीय."

"ते सांगण्यासारखं असतं तर तुला विचारलं असतं का?"

मी चपला घातल्या आणि निघाले. जिन्यात राग आला. राग आला की मी भरभर चालते, म्हणून नाक्यावर नेहमीपेक्षा लवकर पोचले.

रिक्षावाल्यानं आरशातून पेटीकडे पाहिलं. "मॅडम, गिटार है?"

"ट्रम्पेट."

"शादी में?"

"चर्च में."

"अच्छा, ईसाई हो?"

"नहीं भैया, जय भीम."

त्यानं आरसा जरा खाली केला, माझा चेहरा नीट बघून घेतला आणि भाईंदर पश्चिमेपर्यंत रिक्षा दामटली. उतरताना मात्र म्हणाला, "अच्छा बजाना."

भाईंदरहून उत्तनची बस धरली की शहर हळूहळू अंगावरून उतरतं. मुर्धा जातं, राई जातं, मोर्वा जातं. इमारती बुटक्या होत जातात, मग कौलं दिसतात, अंगणं दिसतात, अंगणात क्रूस दिसतात. डावी-उजवीकडे मिठागरं आणि खारफुटी. खिडकीतून येणाऱ्या वाऱ्याला आधी चिखलाचा वास असतो, पुढे सुक्या बोंबलांचा. वलांडीवर (मासळी वाळवायच्या बांबूच्या मांडवावर) बोंबील ओळीनं टांगलेले दिसले की मी पर्स सावरते. शेजारच्या सीटवरच्या कोळीण मावशींनी पेटी बघून विचारलं, "आज सणाला तूच वाजवतेस गो?"

"हो."

"हाक पण?"

"हाक पण."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पेटी मांडीवर ओढून घेतली.

हाक म्हणजे काय, ते सांगते. तारोडीच्या सणाला चॅपेलची दारं आतून लावून घेतात. आत मिस्सा (प्रार्थनाविधी) चालतो. तो संपला की बाहेर पायरीवर उभं राहून एकट्या ट्रम्पेटनं समुद्राकडे तोंड करून एक छोटी धून वाजवायची. ती हाक. ती ऐकली की आतले लोक दार उघडतात, मूर्ती बाहेर येते, घराघरांतून म्हातारीकोतारी माणसं निघतात आणि मग बँडसकट मिरवणूक सुरू होते. हाक झाली नाही तर दार उघडत नाही. वर्षानुवर्षं ती आमच्या बँडच्या मास्तरांनी दिली. पण ब्रास वाजवणाऱ्याचा सगळा जीव पुढच्या दातांत असतो, आणि मास्तरांचे पुढचे दात यंदा गेले. कवळीवर सूर टिकेना. त्यांनी माझं नाव सुचवलं. गावच्या कमिटीनं मान डोलावली, पण बजावूनही ठेवलं की बाईची हाक फसली तर पुढल्या सणापासून वसईचा बँड.

मास्तर चॅपेलसमोर पताकांखाली उभे होते. पांढरा शर्ट, काळी टाय, पायांत मात्र रबरी चप्पल.

"आलीस, बाय? मिस्सा सुरू झालाय. ओठ गरम कर."

मी पेटी उघडली. ट्रम्पेट होता. तेलाची बाटली होती, फडकं होतं. माउथपीसची खाच रिकामी होती.

माउथपीस म्हणजे ट्रम्पेटला पुढून लावायचा हाताच्या बोटाएवढा तुकडा. एका टोकाला ओठ टेकवायची वाटी, दुसऱ्या टोकाला बारीक नळी. तो नसेल तर ट्रम्पेट म्हणजे पितळेचा पाइप. आदल्या संध्याकाळी मी तो साबणाच्या पाण्यात भिजत घातला होता. सिंकमध्ये. खरकट्या भांड्यांशेजारी.

मी मिलिंदला फोन लावला.

"भांड्यांच्या रॅकमध्ये बघ, पटकन."

खडखडाट ऐकू आला. "इथं नाहीये गं. ग्लास आहेत, चमचे आहेत..."

मागून रमा ओरडली, "पप्पा, तो काय! बाबासाहेबांच्या फोटोसमोर! आजीनं त्यात अगरबत्ती लावलीय!"

वाटी खाली, नळी वर, आणि नळीत अगरबत्ती. घट्ट बसली असणार, यात शंकाच नाही. मग लांबून आईंचा आवाज आला, "मला काय माहीत! मला वाटलं मिलिंदनं नवं स्टँड आणलं."

"पाठवतो काहीतरी करून," मिलिंद म्हणाला, आणि फोन कटला.

मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं. बँडमध्ये दुसरा ट्रम्पेट नव्हता. मास्तरांनी ऐकून घेतलं, रागावले नाहीत, आत जाऊन आपला जुना कॉर्नेट (ट्रम्पेटचा आखूड भाऊ) घेऊन आले. त्याचा माउथपीस माझ्या ट्रम्पेटमध्ये सैल बसला. मग अख्खा कॉर्नेटच वाजवून पाहिला. मास्तरांच्या ओठांनी झिजलेली ती कड माझ्या ओठांना ओळखच देईना. पहिला सूर शेळीसारखा निघाला. पायरीवर बसलेला कमिटीचा एक माणूस दुसऱ्याकडे बघून हसला.

"यावर हाक व्हायची न्हाय," मास्तर म्हणाले. "थांब. फादरना सांगतो, परवचन लांबवा."

"असं सांगता येतं?"

"अगो, त्यांना तेच हवं असतं!"

मास्तर बाजूच्या दारानं आत गेले आणि थोड्या वेळानं समाधानी चेहऱ्यानं बाहेर आले. आतून फादरांचा आवाज येत होता. ते नोहाच्या तारवापाशी होते. म्हणजे अजून बराच पल्ला होता. मी रस्त्याच्या वळणाकडे बघत उभी राहिले. एक टेम्पो आला, एक दुधाची मोटरसायकल आली. आतला आवाज येशूच्या शिष्यांपर्यंत पोचला. मनात आलं, आज मी फसले तर वसईच्या बँडचं राहू दे, घरी जाऊन मावशींसमोर वाढायला कुठल्या तोंडानं उभी राहू?

तेवढ्यात वळणावरून रिक्षा आली. पुढच्या सीटच्या मागून रमाचा हात बाहेर आला होता. मागे मावशी, नऊवारीत, दोन्ही हातांनी दांडा धरून. आणि त्यांच्या शेजारी आई. मांडीवर स्टीलचा डबा.

आई उतरल्या. डबा माझ्या हातात दिला. "मिलिंद निघत होता. मी म्हटलं, तू मटण बघ. माझ्या हातनं झालं, मी नेते."

"आणि मावशी?"

"ती आली अन् दारातच विचारलं, सून कुठंय म्हणून." आईंनी पदर नीट केला. "मी म्हटलं, चल, दाखवते."

मी डबा उघडला. रुमालात गुंडाळलेला माउथपीस. त्याला चंदनाचा वास येत होता. मी फुंकर मारली तर नळीतून राख उडाली आणि मास्तरांच्या काळ्या टायवर जाऊन बसली. त्यांनी ती झटकलीही नाही. आतून शेवटचं 'आमेन' आलं आणि सगळं शांत झालं.

मी पायरीवर चढले. समोर नारळ, त्यांच्या पलीकडे होड्यांचे झेंडे आणि समुद्र. ओठांना वाटी टेकवली. ओळखीची कड, ओळखीचा थंडपणा आणि जिभेवर राखेची किंचित चव. श्वास पोटापर्यंत घेतला आणि सोडला.

पहिला सूर सरळ गेला. दुसऱ्याला मी चढवलं, तो चढला. हाकेत एक उंच जागा आहे, तिथे मास्तर क्षणभर थांबायचे. मी थांबले नाही, ती धरून ठेवली. एवढ्या मोकळ्यावर मी कधी वाजवलंच नव्हतं. घरी टॉवेल असतो, सरावाला चौदा माणसांचा बँड असतो. इथे माझा आवाज मलाच पहिल्यांदा पुरा ऐकू येत होता, आणि तो मोठा होता, चांगला होता, हे मी लाज न बाळगता लिहितेय.

शेवटचा सूर सोडला आणि माझ्या पाठीमागे कडी निघाल्याचा आवाज आला. चॅपेलची दोन्ही दारं उघडली. समोरच्या घरांचीही उघडली. लुगड्यातली एक म्हातारी मेणबत्ती घेऊन उंबऱ्यावर आली, तिच्यामागे दुसरी. मूर्ती बाहेर आली. मास्तरांनी हात वर केला, ढोल वाजला, बँड सुरू झाला आणि मी पायऱ्या उतरून माझ्या जागी, पहिल्या रांगेत शिरले. कमिटीचा तो माणूस टाळ्या वाजवत होता. मी त्याच्याकडे मुद्दाम बघितलं.

मिरवणूक गावाला फेरी घालून परत आली तेव्हा मांडवात जेवणाची तयारी होती. फुगे (मैदा आणि नारळाच्या दुधाचं पीठ आंबवून तळलेले गोळे) आणि बाटलीतल्या मसाल्याचं झणझणीत कालवण. वाजवण्याआधी मी तिखटाला हात लावत नाही, ओठ सुजतात. आता मात्र ताटात भरपूर घेतलं. पण आधी मास्तरांनी आईंना आणि मावशींना हाताला धरून पुढच्या बाकावर बसवलं.

"आम्ही मागून बसतो की," मावशी संकोचल्या.

"न्हाय. हाक देणाराच्या घरची माणसं पयली जेवतात. रीत हाय."

माझे वडील लग्नात सगळ्या पंगती उठल्यावर, मांडवाबाहेर, ट्रम्पेट मांडीवर ठेवून जेवायचे. मी लहानपणी त्यांच्या शेजारी बसून जेवलेय. मला ते आठवलं.

मावशींनी फुगा मोडला, कालवणात बुडवला, पण तोंडात घातला नाही. "तुझा बाप वाजवायचा तेव्हा आम्ही नुसते नाचलो गं," त्या म्हणाल्या. "ऐकलं कुणीच नाही." मग घास तोंडात घातला, आणि मसाल्यानं की कशानं कोण जाणे, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं. मी मसाल्याचं नाव पुढे केलं नाही.

परतीच्या बसमध्ये आईंना खिडकी दिली. मिठागरांवर उतरतं ऊन होतं. त्यांनी गज धरून बाहेर पाहिलं. मग विचारलं, "हे सगळं आपल्याच शहरात येतं?"

"हो, आपल्याच."

"मग एवढे दिवस का नाही आणलंस?"

मला वाटायचं, मी एका टोकाला राहते आणि वाजवते दुसऱ्या टोकाला, आणि मधला रस्ता माझा एकटीचा आहे. तो रस्ता त्यांनी आज डबा मांडीवर घेऊन एका दमात पार केला होता, आणि सोबत परभणीही आणली होती.

घरी मिलिंद मटणाच्या पातेल्यापाशी एकटाच बसला होता. आम्ही पोटभर जेवून आलोय हे कळल्यावर त्याचं तोंड पाहण्यासारखं झालं. मावशींनी दया येऊन पुन्हा थोडं वाढून घेतलं. हातपाय धुवून झाल्यावर आई म्हणाल्या, "सुजाता, ते तिकडचं वाजव. मिलिंदनं कुठं ऐकलंय?"

मी ट्रम्पेट काढला आणि सवयीनं बाल्कनीतला टॉवेल आणून कर्ण्यात घातला. आई उठल्या. टॉवेल ओढून काढला, घडी केली आणि बाल्कनीच्या दोरीवर टाकला. मग जाऊन घराचं दार सताड उघडलं.

मी हाक सुरू केली. चार भिंतींत ती दणाणली, जिन्यात गेली, मजल्यामजल्यावर आपटली. वर कुठेतरी दार उघडलं. खाली एक उघडलं. समोरच्या दाराची साखळी निघाली आणि जयश्रीबेन बाहेर आल्या. मी दचकून थांबले.

"कौन बजा रहा है इतना जोर से?" त्यांनी विचारलं.

आई उंबऱ्यावर पाठ ताठ करून उभ्या होत्या. "हमारी सून," त्या म्हणाल्या. "बँडवाले की लडकी है."

मग माझ्याकडे वळल्या. "थांबलीस कशाला?"